पोरगं पलंगावर, नवरा ओसरीत

पत्र थोडक्यात असं : यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका ताईंनी लिहिलं आहे. वय ३१. पाच एकर वावर, त्यात कापूस, तूर आणि विहिरीच्या भरवशावर हरभरा. घरकुलातलं घर, म्हणजे एक खोली, स्वयंपाकापुरती जागा आणि पुढे टिनाची ओसरी. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. मुलगी सात महिन्यांची. आंदणात आलेल्या पलंगावर ताई आणि दोन्ही लेकरं झोपतात, सासूबाई त्याच खोलीत खाली, आणि नवरा दोन वर्षांपासून ओसरीत बाजेवर. मुलाला आईचा पदर हातात असल्याशिवाय झोप लागत नाही. दिवाळीला नागपूरची नणंद आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "चौथीतला घोडा अजून मायच्या कुशीत! उद्या नवोदयला नंबर लागला त राहीन कसा? आमच्या फ्लॅटमधले डॉक्टर सांगतात, लेकराले पयल्यापासून वेगळं झोपवा." नवऱ्याचं म्हणणं, "तूच लाडावून ठेवला." सासूबाईंचं म्हणणं, "लेकरू मायजवळ नाही झोपन त कोठी झोपन?" एका रात्री ताईंनी मुलाला सासूबाईंजवळ झोपवलं, तर तो तोंड गोधडीत खुपसून रडत राहिला. ताई विचारतात : माझ्यामुळे पोरगं बिघडलं का? आता सवय कशी मोडू? आणि हे सगळं सुरू कधी झालं, तेही मला धड सांगता येत नाही.

ताई,

सुरू कधी झालं ते सांगता येत नाही असं म्हणता, पण पत्राच्या मधोमध तुम्हीच ते लिहून गेला आहात. "हे जागलीवर जायचे, सासूबाई तेव्हा मोठ्या दिराकडे होत्या, घरात मी अन् बाबू दोघंच. म्हणून त्याले जवळ घेऊन झोपत होती." बाबू तेव्हा दोन वर्षांचा होता. तूर शेंगेवर आली की रानडुकरं आणि रोही (नीलगाई) वावरात उतरतात, हरभऱ्याला पाणी द्यायचं तर कृषिपंपाची लाइन पाळीपाळीने रात्रीची येते, आणि घरचा कर्ता माणूस हातात बॅटरी-काठी घेऊन अंधारात निघून जातो. मागे राहते ती पंचवीस वर्षांच्या आतली बाई, टिनावर वाजणारं प्रत्येक पान ऐकत. त्या खोलीत सोबत कुणाला हवी होती? दोन वर्षांच्या पोराला तर डुक्करही माहीत नव्हतं आणि चोरही.

मला यात दोष दाखवायचा नाही. पण "त्याला सवय लागली" हे वाक्य तुम्ही, नणंदेने आणि नवऱ्याने एकसारखं वापरलं आहे, आणि ते अर्धंच खरं आहे. सवय दोघांना लागली. आधी तुम्हाला. म्हणून ती मोडायचं काम एकट्या बाबूवर टाकलं की तो गोधडीत तोंड खुपसून रडतो. त्या रात्री झोप तुम्हालाही आली नसणार, हे तुम्ही लिहिलेलं नसलं तरी मी धरून चालते.

आईबाप आणि लेकरं एका अंथरुणात येतात ती बहुतेक घरांत अशीच येतात. कुणी बसून ठरवत नाही. अंगावर पाजता पाजता आईचा डोळा लागतो आणि पहाट होते. तापाच्या आठवड्यात लेकराला जवळ घेतलं जातं, ताप उतरतो, लेकरू तिथंच राहतं. आपल्याकडे उन्हाळा हे एक मोठं कारण आहे. पारा ४५-४६ ला टेकलेला असतो, घरात कूलर एकच, त्याच्या ताट्यांतून येणारा वारा जिथे पोचतो तिथे अख्खं घर गोळा होतं. पावसाळ्यात टिन गळतं, जो कोपरा कोरडा तो सगळ्यांचा. त्यात साप. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावलेलं बऱ्याचदा कळतही नाही, म्हणून ज्या घरात पलंग एक आहे त्या घरात आई आधी लेकराला वर घेते. पाहुणे आले की अंथरुणं सरकतात, पाहुणे गेल्यावर ती जागेवर परत जातातच असं नाही. दुसरं बाळ झालं की पहिलं चिकटतं. आणि काही घरांत, याबद्दल कुणी बोलत नाही, नवरा-बायकोत काही बिनसलं की लेकरू मधे येतं. येतं म्हणजे, आणलं जातं.

घरकुलाचंच बघा. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचं किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसकट २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण पावणेतीनशे चौरस फूट ठरवलेलं आहे. त्यात पाच माणसं. "वेगळं झोपवा" हा सल्ला ज्या फ्लॅटमधून आला, तिथे बहुधा एकट्या झोपायच्या खोलीच याच्या निम्म्या असतील. नणंदबाईंचा राग मानू नका, त्या भाच्याच्या काळजीनेच बोलल्या. पण त्यांच्या वाक्यात दोन वेगळे सल्ले एकमेकांत गुंतले आहेत, ते सोडवून घेऊ.

पहिला सल्ला डॉक्टरांचा, आणि तो तान्ह्या बाळांच्या जिवाबद्दल आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली तो पुन्हा नव्याने मांडला : बाळाला पाठीवर झोपवा, कठीण सपाट गादीवर झोपवा, त्याची जागा वेगळी असू द्या, पण निदान पहिले सहा महिने ते आईबापांच्याच खोलीत असू द्या. म्हणजे तिकडचे डॉक्टरही तान्ह्याला दुसऱ्या खोलीत टाका असं सांगत नाहीत. हा सल्ला तुमच्या मुलीसाठी आहे आणि तो मी गांभीर्याने घेते, खाली त्यावर लिहिलं आहे.

दुसरा सल्ला "जवळ झोपलं की मूल परावलंबी होतं" हा. याला पहिल्यासारखा आधार नाही. कॅलिफोर्नियात मुलांवर जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. लहानपणी आईबापांच्या अंथरुणात झोपलेल्या मुलांचं पुढे काही बिघडलं, असं त्यात दिसलं नाही. हा अभ्यास अगदी लहान वयातल्या झोपण्याबद्दल होता, नऊ वर्षांच्या मुलाबद्दल नव्हता, हेही सांगते, नाहीतर तुम्ही तो नणंदेच्या तोंडावर फेकाल. पण "माझ्यामुळे पोरगं बिघडलं का" या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर : नाही. बाबू सकाळी स्वतः आंघोळ करतो, दूध डेअरीवर पोचवून येतो, दुपारी बहिणीला मांडीवर खेळवतो, हे सगळं तुमच्याच पत्रात आहे. हे बिघडलेल्या पोराचं वर्णन आहे का?

आता जरा लांबचं सांगते, पण ते तुमच्या ओसरीपर्यंत येऊन पोचणार आहे. रिचर्ड श्वेडर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली एक तुलना प्रसिद्ध केली. ओडिशातलं भुवनेश्वर आणि अमेरिकेतलं शिकागो, दोन्हीकडच्या मोठ्या माणसांना त्यांनी एक कोडं घातलं : आईबाप आणि लहानमोठी मुलंमुली असं कुटुंब आहे, खोल्या इतक्याच आहेत, कोण कुणाजवळ झोपेल ते लावून दाखवा. शिकागोकरांनी सगळ्यात आधी नवरा-बायकोची खोली वेगळी काढली, मग उरलेल्यांचं पाहिलं. भुवनेश्वरच्या लोकांचे नियम वेगळे निघाले. लहान लेकरू एकटं झोपता कामा नये. वयात आलेली मुलं-मुली एकत्र नकोत. मुलीच्या जातीला राखण हवी. मोठ्या मुलाला त्याचा मान हवा. नवरा-बायकोने एकत्र झोपलंच पाहिजे, हे मात्र तिथे इतकं अडून धरलेलं नव्हतं. बापाला दुसरीकडे हलवून कोडं सुटत असेल तर खुशाल हलवलं.

हे वाचून मला आपली विदर्भातली घरं आठवली. सासूबाई म्हणतात ते याच रीतीतून आलेलं आहे आणि लेकराच्या बाजूने ती रीत मायाळू आहे. फक्त तिच्यात नवरा-बायकोच्या नावाची ओळ नाही. म्हणून तुमच्या घरात गेली दोन वर्षं एक माणूस थंडी-पावसात टिनाखाली झोपतो आहे, आणि सगळी चर्चा नऊ वर्षांच्या पोराच्या झोपेवर चालली आहे.

तुमच्या पत्रात नवऱ्याच्या ओसरीबद्दल एकच वाक्य आहे : "जागा पुरत नाही म्हणून हे बाहेर." पण मुलगी सात महिन्यांची आहे आणि ते बाहेर दोन वर्षांपासून आहेत. मग दोन वर्षांपूर्वी जागा कुणासाठी पुरली नाही? तेव्हा पलंगावर तुम्ही आणि बाबू दोघंच होता. कदाचित सासूबाई राहायला आल्या म्हणून संकोच झाला असेल. कदाचित काही बोलाचाली झाली असेल. कदाचित ते जागलीवरून पहाटे चिखलाच्या पायांनी येत, कुणाची झोप मोडू नये म्हणून ओसरीतच अंग टाकत, आणि मग तेच रोजचं झालं. मला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. माझी विनंती एवढीच की बाबूला हलवण्याआधी हा प्रश्न नवऱ्याशी काढा. भांडणाच्या सुरात नको, आणि सासूबाईंच्या पुढ्यात तर नकोच. वावरात वेचणी सुरू असताना, धुऱ्यावर डबा खाताना, कुठेही. "तुम्ही ओसरीत का झोपता?" असं विचारलं तर उत्तर मिळणार नाही, "जागा नाही" एवढंच मिळेल. "आत झोपावंसं वाटते का?" असं विचारून पहा.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही लिहिली नाही, पण अशाच घरांतून आलेल्या दुसऱ्या पत्रांत ती आडून आडून असते. पुन्हा दिवस जातील या भीतीने कितीतरी बाया लेकराला मधे झोपवतात. नाही म्हणता येत नाही, लेकरू असलं की म्हणावं लागत नाही. तुमचं तसं असेल तर त्यावर सरळ उपाय आहेत आणि ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. दर तीन महिन्यांनी घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शन आहे. 'छाया' गोळी आहे, ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची असते. तांबी आहे. अंगावर पाजणाऱ्या बाईलाही यांतलं काय चालेल ते नर्सबाई तपासून सांगतील. आशाताईंना विचारायला लाजू नका, हे त्यांच्या कामातच येतं. आणि भीती गरोदरपणाची नसून नवऱ्याच्या वागण्याची असेल, तर मग अंथरूण कुठे टाकायचं याने तो प्रश्न सुटणार नाही. तसं असेल तर मला परत लिहा. नाव लागत नाही.

आता मुलगी. बाबूचं सावकाश चालेल, हिचं आज रात्रीपासून.

तुम्ही सहज लिहिलं आहे की पलंग आणि भिंतीच्या मधे फट आहे, मोबाइल पडला तर काठीने काढावा लागतो. मुलगी भिंतीकडे झोपते म्हणता, आणि सात महिन्यांचं लेकरू लोळतं. मोबाइल जातो तिथे लेकराचं तोंड किंवा मान अडकू शकते. आजच दोघांनी मिळून पलंग ओढा आणि भिंतीला असा घट्ट लावा की मधे बोटही जाणार नाही. गादी पलंगापेक्षा आखूड असेल तर तीही सरकवून पहा, कारण फट पुष्कळदा गादीचीच असते.

बाबू आणि बाळ शेजारी शेजारी नकोत. तुम्ही मधे. नऊ वर्षांचं पोरगं झोपेत हात टाकतं, पाय टाकतं, आणि आईला झोपेतही बाळाची जी जाग असते ती त्याला नसते. बाळाच्या डोक्याखाली उशी नको, डोकं गोल व्हावं म्हणून ठेवतात ती राईची उशीही रात्री नको. जड दुलईत तुमच्यासोबत तिला घेऊ नका. तिला कुंची-स्वेटर घाला आणि पातळ पांघरूण छातीच्या खालीच ठेवा. पाठीवर झोपवा, मग ती स्वतःहून वळली तर वळू द्या. लुगड्याची झोळी दिवसा, डोळ्यांसमोर असताना ठीक, रात्रभर नको. ढिली पडलेली बाजही तान्ह्या बाळासाठी बरी नाही, मधल्या खोलगटात ते घरंगळतं आणि तोंड दबतं. या सगळ्यांपेक्षा चांगलं म्हणजे बाळाला पलंगाला लागूनच स्वतःची कठीण, सपाट, कठड्याची जागा. गावच्या सुताराकडून लाकडी पाळणा खाली टेकवून, न हलणारा करून घेता येतो. तुमचा हात पोचेल इतका जवळ.

नवरा "कधीमधी घेतात", म्हणजे दारू, असंही एक वाक्य आहे. ज्या रात्री घेतली त्या रात्री बाळाच्या अंथरुणात ते नकोत. यात सूट नाही, अगदी थोडी घेतली असली तरी. झोप आणणारं औषध घेतलेल्या माणसालाही हेच लागू. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याने तर बाळाशेजारी झोपूच नये, आणि घरातही ओढू नये. हिवाळ्यात दारं-खिडक्या लावून आत निखाऱ्याची शेगडी ठेवू नका, तो वायू दिसत नाही आणि झोपेतच माणूस जातो. डासांसाठी धुराच्या अगरबत्तीऐवजी मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा गादीखाली खोचा. खोचलेली मच्छरदाणी सापाविंचवापासूनही राखते, म्हणून ती खाली झोपणाऱ्या सासूबाईंनाही हवी. त्यांना खरं तर बाज हवी. पावसाळ्यात पहाटे कुणाच्या पोटात कळा येऊ लागल्या आणि पापण्या मिटायला लागल्या, तर अंगावर चावल्याची खूण दिसो न दिसो, मांत्रिकाकडे न जाता सरळ ग्रामीण रुग्णालयात न्या.

जे बाळ दिवसांआधी जन्मलं किंवा जन्मताना अडीच किलोपेक्षा कमी भरलं, त्याला पहिल्या महिन्यांत झोपताना अंथरुणात घेण्याचा धोका जास्त असतो, हे अशी बाळं असलेल्या इतर आयांनी लक्षात ठेवावं. अशा बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरायला आशाताई शिकवतात ते जागेपणी, बसून किंवा टेकून. ते जरूर करा. झोप येऊ लागली की बाळ दुसऱ्याच्या हातात द्या. बाळंतपणानंतर आशाताईंच्या ज्या घरभेटी असतात, त्यांत बाळ रात्री कुठे आणि कसं झोपतं ते त्यांना प्रत्यक्ष दाखवा. नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची ही पद्धत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांतच उभी केली आणि पुढे ती देशभर गेली, तेव्हा तिचा लाभ आपल्याच गावात मिळायला हरकत नाही.

आता बाबू.

पहिलं म्हणजे, या हिवाळ्यात त्याला हलवू नका. बहीण येऊन सात महिने झाले आहेत, बाप जागलीवर जातो आहे, आत्याने चारचौघांत घोडा म्हटलं आहे. यात आईच्या अंथरुणातूनही काढलं तर त्याला ती शिक्षाच वाटेल, आणि कशाची ते कळणार नाही. होळी होऊ द्या. उन्हाळा लागला की आपल्याकडे अंगणात बाजा पडतात, सगळं घर बाहेर येतं, आणि कोण कुठे झोपतो हा प्रश्नच आपोआप सैल होतो. त्याच्यासाठी एक वेगळी बाज विणून घ्या. दोरी किंवा पट्टी आणायला बापासोबत त्यालाच बाजारात पाठवा. विणताना एक टोक त्याच्या हातात द्या. ती बाज पहिले काही दिवस तुमच्या बाजेला लागून, मग हातभर लांब, मग बापाच्या बाजेशेजारी. चांदण्या मोजत, बापाशी गप्पा मारत झोपलेलं पोरगं पदर विसरतं. बापानेही इथे काहीतरी करायला हवं, "तूच लाडावला" म्हणून मोकळं होता येणार नाही. नऊ वर्षांच्या पोराला आईपासून ढकलणं अवघड, बापाकडे ओढणं त्यामानाने सोपं.

पावसाळ्यात आत यायची वेळ आली की त्याची बाज आत आजीशेजारी येईल. तोवर ती त्याची झालेली असेल. मधे दोन पावलं मागे जाईल, विजा कडाडल्या की पलंगावर येईल. येऊ द्या. सकाळी त्यावरून कुणी चिडवायचं नाही, एवढं मात्र घरात बजावून ठेवा. "बायकी" वगैरे शब्द नवऱ्याच्या तोंडी असतील तर तेही बंद.

त्याआधी एक काम करून घ्या. बाबू रात्री तुम्हाला उठवतो ते लघवीसाठी, असं लिहिलं आहे, आणि तुमचं संडास-न्हाणीघर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्या वाटेवर उजेड आहे का? बटण कुठे आहे? मोठ्या माणसाच्या उंचीवर, ओसरीच्या खांबावर असेल तर त्याला आई लागणारच. बटण खाली घ्या, किंवा उशाशी त्याच्या नावाची एक बॅटरी ठेवा. संध्याकाळनंतर पाणी-चहा कमी करा, झोपताना एकदा सोबत जाऊन या. आईजवळ झोपायच्या हट्टातला निम्मा भाग हा अंगणातल्या अंधाराचा असू शकतो, आणि तो एका बल्बने सुटतो.

पदराचं काय? काही नाही. जुन्या लुगड्याचा एक तुकडा त्याच्या गोधडीला शिवून द्या. न विचारता, न सांगता.

नवोदयची धास्ती आत्ता कशाला? ती परीक्षा पाचवीत असते, प्रवेश सहावीला. निवासी शाळेत मुलं अडतात ती बहुतेक झोपेवर नाही अडत, तिथे कितीतरी जण शेजारी असतात. अडतात ती दुखलं-खुपलं सांगता न आल्याने, कपडे धुता न आल्याने, कुणी त्रास दिला तर कुणाकडे जायचं हे न कळल्याने. ती तयारी दिवसा करा. उन्हाळ्यात मामाच्या गावी तुमच्याशिवाय चार दिवस राहून येऊ द्या. आणि नंबर लागल्यावरही त्याला जावंसं वाटतं का, हे त्याला विचारायचं राहू देऊ नका.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र सवय म्हणून सोडून देऊ नका. व्यवस्थित वेगळं झोपणारं मूल अचानक एकटं झोपायला घाबरू लागलं, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, एखाद्या ठरावीक माणसाजवळ झोपायला ते नकार देऊ लागलं, तर आधी त्याचं ऐका. लग्नाकार्यात, पाहुण्यांच्या गर्दीत "जा काकाजवळ झोप" असं आपण सहज म्हणतो. मूल नको म्हणालं की तिथंच थांबायचं, कारण विचारत बसायचं नाही, आपल्याजवळ घ्यायचं. कारण नंतर, एकांतात, रागावणार नाही याची खात्री देऊन विचारायचं. मूल रोज जोरजोरात घोरत असेल, झोपेत श्वास अडल्यासारखा होत असेल, तर शाळेत तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकाला किंवा दवाखान्यात दाखवा. तो गळ्याचा-नाकाचा प्रश्न असतो आणि त्याला उपचार आहेत.

ज्यांच्या घरात अशीच एक खोली आहे पण मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली आहे, अशा दोन आयांचीही पत्रं माझ्याकडे आहेत, त्यांनाही इथेच सांगते. वेगळी खोली नसली तरी वेगळं अंथरूण देता येतं, आणि कपडे बदलायला एक पडदा लावलेला कोपरा देता येतो. जुनी साडी आणि एक तार पुरते. मुलगी आजीजवळ किंवा आईजवळ, मुलगा बापाजवळ, ही आपली जुनी रीत या वयात कामाची आहे. फक्त ती लावताना मुलीवर संशय असल्यासारखं वागू नका. "तू आता मोठी झाली, तुला तुझी जागा पाहिजे" असं म्हणालात तर तिला ते आवडेलच.

आणि ताई, हे सगळं नवऱ्याला वाचायला द्यायचं का, असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. पलंगाच्या फटीचा आणि दारूचा भाग आजच द्या. बाकीचं, धुऱ्यावर बोलणं झाल्यावर.